दिल्लीचा चिकू, सुरतेचा चिकू

चिकू हातात घेतला की ती देठाजवळ अंगठ्याने हलकंच दाबायची आणि निकाल द्यायची. "यो दिल्लीला जाल." किंवा, "यो सुरतेलाच ऱ्हाल." तिसरा निकाल सगळ्यात वाईट. "यो पोचायचा नाय." तो चिकू तिच्या डाव्या हाताच्या टोपलीत जायचा आणि दुपारी आम्ही सगळे मिळून खायचो.

घोलवडच्या आमच्या चिकूच्या वखारीत ती सायवनहून टेम्पोने यायची. वय पन्नाशीचं असेल. माल रवाना करण्याचं काम माझं, आणि तिने दिल्लीला लावलेला चिकू वाटेत नासला अशी तक्रार मला एकदाही आली नाही. तुमच्यापैकी कुणी त्या वर्षांत तिकडे आमचा चिकू खाल्ला असेल, तर तो तिच्या अंगठ्याखालूनच गेला असणार. ती स्वतः मात्र डहाणू स्टेशनापलीकडे गेली नव्हती. मावशी, दिल्ली बघायची नाही का, असं मी चिडवायचो.

"मना कशाला? माझा चिकू जातो ना," म्हणून ती तोंडभर हसायची.

सोळा साली, लग्नसराईतल्या एका सोमवारी ती तोंडावर पदर धरून आली. लाळ गळत होती, शब्द फुटत नव्हता. आदल्या दिवशी तिच्या पाड्यात लग्न होतं हे मला ठाऊक होतं, आणि लग्न म्हटलं की ताडी आलीच. सगळ्या बायकांसमोर मी म्हणालो, "मावशी, उतरली की या." बायका हसल्या. ती कानाखाली बोटं लावून काहीतरी दाखवत राहिली. मला गाडी भरायची होती, मी पाठ फिरवली.

टेम्पोत जांभई देताना तिचा जबडा निखळला होता.

घरच्यांना वाटलं, तोंडावरून वारं गेलं. भगताने दोरा बांधला. चौथ्या दिवशी तलासरीला दिलेली तिची मुलगी आली आणि तिला डहाणूला दवाखान्यात घेऊन गेली. कळलं तसा मीही गेलो. डॉक्टरांनी तिच्या तोंडात दोन्ही अंगठे घालून घाम फुटेपर्यंत जोर लावला. जबडा बसला नाही.

"त्याच दिवशी आणलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं," ते म्हणाले. मुलगी रडायला लागली. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभा राहिलो.

आता भूल देऊन बसवायचा होता आणि भुलीचे डॉक्टर बुधवारी येत. पहिल्या बुधवारी ते आले नाहीत. दुसऱ्या बुधवारी आले तर एक्स-रेचं मशीन बंद. तिसऱ्याला सुट्टी निघाली. दर वेळी ती उपाशीपोटी जायची आणि तशीच परत यायची. शेवटी तपासलं तेव्हा जबडा चुकीच्या जागीच घट्ट धरून बसला होता. ऑपरेशन मुंबईला, म्हणून चिठ्ठी मिळाली. तारीख दीड महिन्यानंतरची.

मधल्या दिवसांत ती कामावर यायची. हनुवटीखाली फडकं बांधलेलं, चिकू दाबून मुकाट्याने टोपल्यांत टाकायची. चमच्याने घेतलेली पेज निम्मी बाहेर सांडायची. तिच्या अंगावरची चोळी महिन्याभरात सैल झाली. सोमवारबद्दल माफी मागायची असं मी रोज ठरवायचो, आणि रोज गाडी भरायला निघून जायचो.

एके दुपारी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, मावशी, मुंबईला मीही येतो, डॉक्टर मोठे आहेत, बऱ्या व्हाल. तिने माझा हात धरला. माझा अंगठा आपल्या कानाखाली, वर आलेल्या हाडावर ठेवला आणि चिकू दाबावा तसा हलकंच दाबला. मग तिने डाव्या हाताच्या टोपलीकडे बोट दाखवलं.

तारखेला आठ दिवस असताना ताप आला. अंगात काही उरलंच नव्हतं, दोन दिवसांत गेली.

मी अजून त्याच वखारीत माल रवाना करतो. न पोचणारे चिकू दुपारी मधे ठेवतात, सगळे खातात. मला खाववत नाहीत.