वडिलांची पाठ

माझे वडील सत्तरी ओलांडूनही आरामात उकिडवे बसतात. हे एवढं लिहितानाही मला त्रास होतो. भंडाऱ्याकडून इकडे हिंदी मुलखात येऊन त्यांनी पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये, तापल्या लोखंडाशेजारी उभं राहून नोकरी केली. त्यांची पाठ अजून सरळ आहे. मी हथखोजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, बसून काम. माझी पाठ तिशीतच आखडायला लागली. मणक्यांचा संधिवात. आतून सूज येते आणि मणके हळूहळू एकमेकांना धरून बसतात. आता कुणी मागून हाक मारली तर मानेऐवजी अख्खं अंग वळवावं लागतं.

सकाळ सगळ्यात वाईट. अंग मोकळं व्हायला तास-दीड तास जातो. तेवढा वेळ मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पलंगावर असतो आणि जुनवानीच्या आमच्या घरामागच्या बाडीतून, भाजीच्या परसातून, वडिलांचे आवाज येतात. घमेलं आपटल्याचा, बादली ओतल्याचा. त्या आवाजांचा मला संताप यायचा. बरोबरीच्या माणसाच्या तब्येतीचा हेवा वाटला असता तर मी स्वतःला माफ केलं असतं. मी बापाचा हेवा करत होतो. ते वाकून माझ्या पायात मोजे चढवायचे, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत मी मनात म्हणायचो, यांनाच का जमतं हे?

जेवण कमी झालं होतं, झोप नव्हती. सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून बसायचो. माझ्या संधिवाताच्या डॉक्टर मॅडम दर खेपेला विचारायच्या, "मन कैसा रहता है?" मी म्हणायचो, "ठीक है." शेजारच्या खुर्चीत वडील बसलेले असायचे. त्यांच्यासमोर काय सांगणार?

गेल्या हिवाळ्यात एकदा जेवायला बसताना वडील "आई गं" म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून तसेच थांबले.

"काय झालं बाबा?" बायकोनं विचारलं.

"कंबर धरली ना वं पोरी. म्हातारा झालो आता."

मला आनंद झाला. काळजी नाही, भीती नाही, आनंद. त्या दिवशी मी भाजी मागून घेतली.

मग ते रोजच कण्हू लागले. उठताना भिंत धरायचे. बायकोनं त्यांच्यासाठी वेगळी पिशवी आणली. संध्याकाळी आम्ही बापलेक पाठीला पिशव्या लावून टीव्ही बघायचो. मी त्यांना सल्ले द्यायचो, पडून राहू नका, थोडं थोडं चाला. किती तरी दिवसांनी मी त्यांच्याशी हसून बोलत होतो.

एका सकाळी दुखण्यानं लवकर जाग आली. भिंत धरत स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या खिडकीतून बाडी दिसते. वडील लाल भाजीच्या वाफ्यात उकिडवे बसून तण काढत होते. मग कशाचाही आधार न घेता उठले, शेणखतानं भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं आणि झपझप निघाले.

मी मागचं दार उघडलं. मला पाहताच त्यांनी घमेलं एका हातानं धरलं आणि दुसरा हात कमरेवर ठेवला.

"राहू द्या, बाबा."

त्यांनी घमेलं उतरवलं. हाताची माती झटकत राहिले.

"कावून केलं असं?" मी विचारलं.

"त्या दिवशी तू दोन पोळ्या जास्त खाल्ल्या," ते म्हणाले. "मंग म्हनलं, चालू देऊ."

"म्हणजे तुमाले माहीत होतं?"

"मी मोजे घालून देतो तवा तू कसा पायतो, ते मले समजत नाही का? मान खाली असली म्हून काय झालं."

मग म्हणालो, "तुमची पाठ पाहून मी जळतो, बाबा."

"द्याले जमलं असतं तं कवाच देल्ली असती." ते घमेल्याच्या काठावरचं खत आत लोटत होते. "पण लेका, कण्हून कण्हून मी थकलो. सूनबाई पिशवी भरून देते, मले शरम वाटते. आता मले सांगितलं ना, तेच त्या डॉक्टरीनबाईले सांग. मी किती दिवस नाटक करू?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. "ठीक है" ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात वडील आपणहून उठून बाहेर गेले. मी म्हणालो, "ठीक नहीं है, मॅडम." मग जेवण, झोप, बंद दार आणि तो आनंदही, सगळं सांगितलं. त्या पेन ठेवून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, या दुखण्यात मनही आजारी पडतं आणि त्यावरही उपचार असतो. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथे मी आता जातो.

हेवा पूर्ण गेलेला नाही. त्या दिवशी चिठ्ठी घेऊन बाहेर आलो, तर व्हरांड्यातले बाक रिकामे असूनही वडील खाली उकिडवे बसले होते. छातीत तेच जुनं काहीतरी टोचलं. मला पाहून ते उठू लागले. त्यांचा हात सवयीनं कमरेकडे गेला, आणि मध्येच त्यांनी तो खाली घेतला.