बिनमिठाची पेज

कल्याणच्या हॉस्पिटलात आईच्या शेजारच्या खाटेवर खाडीकाठच्या गावातली एक मावशी होती. दोघींनाही कॅन्सर, आणि दोघींच्याही बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते. माझी आई निवृत्त शिक्षिका; ती शहाण्या मुलीसारखी गप्प पडून असायची. मावशीचं तोंड मात्र सकाळपासून सुटायचं. डॉक्टरांना ती सरळ 'पोरा' म्हणायची. भेटायला आलेलं कुणी डोळे पुसू लागलं, की म्हणायची, "रडाचं तं मी मेल्यावर ये. आता काय आनलंस ते दाखव."

एकदा तिने सुनेकडून चोरून सुका जवळा मागवला. डबा उघडला आणि अख्खा वॉर्ड नाक दाबून बसला. सिस्टर धावत आल्या.

"मावशी, तुम्हाला मीठ बंद आहे ना?"

"बाय, मी मरनार ते तुला ठावं, मना ठावं. मंग ही बिनमिठाची पेज कोनाला वाचवते?"

सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. ते आले, डब्यात डोकावले आणि म्हणाले, "खाऊ दे त्यांना. खिडकी उघडा."

तेव्हा कित्येक दिवसांत काहीही न मागितलेली माझी आई हळूच म्हणाली, "मला लिंबाचं लोणचं हवंय."

मी डोंबिवलीला घरी जाऊन बरणीच उचलून आणली. आईने बोटभर लोणचं जिभेवर ठेवलं, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "अजून दे गं."

शेजारून मावशी ओरडली, "बगा रे, मास्तरीन जित्ती झायली!"