सुधारलेला अंगठा

"तो अंगठा माझा होता, बाबा! चुकला असला तरी माझा!"

"अंगठा कसला? मनगटाला केळं लोंबत होतं नुसतं. बघवेना मला."

"पुसायचाच होता ना? मग आधी सुधारलात कशाला?"

"म्हटलं, पुसायचंच आहे तर धड तरी पुसू."

"अहो, हळू," ओट्यापाशी उभी बायको म्हणाली. "शेजारी तुमच्याच खात्यातले आहेत. भिंतीला कान नाहीत, भिंतच नाही. पुठ्ठा आहे नुसता."

पेंटरने आवाज खाली आणला. त्या एका खोलीत भांडायलाही जागा नव्हती. खुर्ची पलंगावर ठेवल्याशिवाय दार पूर्ण उघडत नसे.

एके काळी हा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं, की गिऱ्हाईक आधी पाटी वाचायचं, मग दुकान बघायचं. पुढे फ्लेक्स आलं आणि कुंचल्याचे दिवस भरले. मग नगरपालिकेत चिकटला, तेही भिंतींवरचं लिखाण पुसायला. शहरातली ही कला कशी वाढली, ते त्याने पुसत पुसतच पाहिलं. सुरुवातीला बाण मारलेली बदामं आणि "अमका चोर आहे". मग डब्यातून फवारलेली फुगीर अक्षरं, लिहिणाऱ्यालाही वाचता येणार नाहीत अशी. आणि मग चित्रं. मोठमोठी, भिंतभर. गेल्या वर्षी खात्याला अचानक कलेचा उमाळा आला. बाहेरून चित्रकार बोलावले, नदीकाठची भिंत त्यांना देऊन टाकली आणि पेंटरला बजावलं, तिकडे फिरकायचं नाही. बाकी सगळीकडे राखाडी रंग.

पुलाखालच्या खांबावर रंगवलेली बाई त्या बाकीत मोडत होती. गुडघे छातीशी घेतलेली, पाठीने पूल उचलून धरलेली. रोलर भिजवतानाच पेंटरने हात ओळखला. ती रेघ त्यानेच शिकवली होती, पोरीचं मनगट धरून. सगळं झकास जमलं होतं, तेवढा अंगठा सोडून. त्याने इकडेतिकडे पाहिलं. पिशवीतला जुना कुंचला काढला. पिशवीतल्याच काळ्या रंगात बुडवून दोन फटकारे मारले. अंगठा अंगठ्यासारखा दिसला. मग त्याने अख्खी बाई पुसली.

इकडेतिकडे पाहिलं, पण वर नाही पाहिलं. वर कॅमेरा होता, त्याच सकाळी बसवलेला.

"साहेबांनी फोटो दाखवला," तो आता म्हणाला. "हातात कुंचला, समोर बाई. म्हणाले, वा पेंटर! रात्री काढायची, सकाळी पुसायची, दोन्हीकडून खायचं! तुम्ही नाही, तर कोण ते आज सांगा. नाहीतर तुमचंच नाव वर पाठवतो."

"पाठवलं तर?"

"नोकरी जाईल. नोकरीबरोबर ही खोली."

पोरगी पलंगाच्या कडेवर बसली. "मग मीच येते. सांगते, मी काढली."

"शहाणी आहेस! सोमवारी शाळेत रुजू व्हायचंय ना? चित्रकलेच्या बाईंवर पोलिसात तक्रार, असं कळलं तर दारातून आत घेतील?"

"नदीकाठी हेच काढलं असतं तर हार घातले असते त्यांनी!"

"नदीकाठी काढायचं होतंस मग!"

"बोलावलं कुणी मला?" ती उठून उभी राहिली. "आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? नुसता रोलर फिरवला असता तर आज कोणी विचारलंही नसतं. नाही राहवलं ना? मलाही नाही राहवत!"

बायको पदराला हात पुसत मधे आली. "झालं तुमचं? दोघांचे हात एका मापाचे, आणि निस्तरायचं मी. आता जाऊन बोलणार काय, ते आधी ठरवा."

पेंटर बूट चढवत होता. नाडी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा त्याने ती तशीच बुटात कोंबली.

"बाबा, माझं नाव सांगणार की तुमचं?"

त्याने खुर्ची उचलून पलंगावर ठेवली.

"बाबा, मी विचारतेय!"

दार उघडलं. जिन्यावर त्याची पावलं वाजली, खाली खाली जात राहिली.