घरच्या बाईला घेऊन या

गिऱ्हाइकाला परत पाठवून सुखानं जेवणारा बंदुकांचा व्यापारी अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. आमचे दाजी, गिऱ्हाइकांचे अप्पा. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, पायाखाली मुंगी आली तर पाय तसाच अधांतरी धरून उभे राहतील. दिवाळीत शेजारच्या पोरांनी लवंगी फटाका लावला तरी कानात कापूस घालून आतल्या खोलीत जाऊन बसायचे. आणि धंदा काय, तर पोलिसांनी जप्त केलेल्या बंदुका हर्राशीत, म्हणजे लिलावात, घ्यायच्या, त्यांचं तेलपाणी करायचं आणि परवाना असलेल्या माणसाला विकायच्या. नांदेडातलं हे दुकान त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात टाकलं होतं. वडिलांनी पाळलेलं चावरं कुत्रं सांभाळावं तसं दाजींनी ते सांभाळलं.

हर्राशीत बाकीचे व्यापारी चांगला माल हेरायचे. दाजींचा जीव मात्र अडकायचा दस्ता मोडलेल्या, नळी गंजलेल्या एखाद्या ठासणीच्या बंदुकीत. कुणी बोलीच लावत नाही म्हटलं की त्यांना तिची दया यायची. "बिचारीला आता कोन नेईल," असं पुटपुटत ते तिला घरी आणायचे. अक्का म्हणायची, हे दुकान नाही, बंदुकांचा पांजरपोळ आहे. बरं, आणायच्या कशा, तर सतरंजीत गुंडाळून एस्टीनं. एकदा अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टरनं सतरंजीत काय आहे म्हणून विचारलं. दाजींना खोटं बोलणं कधी साधलंच नाही. पोलिसांची चिठ्ठी काढायला खिशात हात घालत त्यांनी सरळ सांगितलं, बंदुका हायत. कंडक्टर पोट धरून हसला, शेजारच्याला टाळी दिली आणि चिठ्ठी न बघताच पुढं गेला. कपाळावर एवढं भस्म फासलेल्या माणसाकडं बंदुका असतात, हे कुणाला पटणार?

पण त्यांचा खरा वेडेपणा पुढंच. गिऱ्हाईक आलं, परवाना दाखवला, बंदूक पसंत केली, की दाजी म्हणायचे, "आता घरच्या बाईला घेऊन या." बायको, आई, कुणीही. ती बाई दुकानात आली की दाजी स्वतः गादीवरून उठून तिला तिथं बसवायचे, चहा मागवायचे आणि विचारायचे, की बाई, ही वस्तू तुमच्या घरात आलेली चालंल का? अर्धापूरचा एक केळीवाला बागाईतदार असाच बायकोला घेऊन आला. रानडुकरांनी बाग उद्ध्वस्त केली म्हणून त्याला बंदूक पाहिजे होती. बायकोनं चहा पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "डुकरं परवडली, अप्पा. ह्यांचा राग न्हाई परवडत." दाजींनी बंदूक उचलून परत भिंतीला टांगली. बागाईतदार लालबुंद होऊन गेला, आणि दाजी त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

अक्का यावर चिडायची. "जगाच्या बायकांना विचारता," ती म्हणायची, "हे दुकान माझ्या घरात असलेलं मला चालतं का, ते कधी विचारलं का?" दाजी अशा वेळी एखादी नळी पुसायला घ्यायचे.

ही रीत लागली कशी, ते मला अक्कानंच सांगितलं. चाकूरकडचे किसनराव म्हणजे दाजींचे शाळेपासूनचे दोस्त. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली दाजींनी त्यांना एक दुनळी बंदूक दिली, हौसेनं, दस्त्यावर पितळी वेलबुट्टी असलेली. दुष्काळात भोवतालच्या सगळ्या विहिरी आटल्या आणि किसनरावांच्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं. सारं गाव तिथं भरायला यायचं आणि किसनराव भरू द्यायचे. एके दिवशी तिथं घागरींवरून हाणामारी जुंपली. ती थांबवायची म्हणून या भल्या माणसानं हवेत बार काढला. पळापळ झाली, आणि एक गडी विहिरीच्या काठावरून आत पडून कायमचा लंगडा झाला. किसनराव तुरुंगात जाऊन आले, परवाना गेला, जप्त झालेली दुनळी पोलिसांच्या मालखान्यात पडली. ज्या गावाला पाणी दिलं त्या गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांची बायको शांताबाई एकदा नांदेडला दुकानात आली. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "अप्पा, त्यांचा सोभाव मला ठावं होता. द्यायच्या आधी मला एक शब्द इचारायचा होता."

तेव्हापासून ती रीत. आणि तेव्हापासून दाजींचा एकच ध्यास: ती दुनळी हर्राशीत निघेल तेव्हा दुसऱ्या कुणाच्या हाती जाता कामा नये. खटल्याची अपिलं वर्षानुवर्षं चालली, संपली, आणि दुनळीचा नंबर लागायच्या बेताला लातूर वेगळा जिल्हा झाला. आता बंदूक जुन्या जिल्ह्याची की नव्या जिल्ह्याची, हे ठरेपर्यंत दाजींनी एस्टीच्या किती खेपा घातल्या ते एक महादेवालाच ठाऊक. लोक नव्या जिल्ह्याचे पेढे खात होते आणि दाजी विचारत फिरत होते, मालखाना कुठं हलवून राहिलेत?

नव्या जिल्ह्याची पहिली हर्राशी निघाली तेव्हा मी लातूरला नोकरीला होतो, म्हणून मला सोबत नेलं. दाजींची एक खोड सगळ्या व्यापाऱ्यांना माहीत होती. एखादी वस्तू मनापासून पाहिजे असली की त्यांचा उजवा हात आपोआप छातीवरच्या इष्टलिंगाकडं जायचा. तो गेला की लातूरचा एक पानखाऊ, ढेरपोट्या दुकानदार मुद्दाम बोली चढवायचा. म्हणून त्या दिवशी दाजींनी मला हुकूम सोडला, की हर्राशी होईपर्यंत माझा हात धरून ठेव. आता मी चांगला मिशीवाला माणूस, भर मैदानात मेहुण्याचा हात धरून उभा. दुनळी टेबलावर आली. वेलबुट्टी काळी पडली होती. दाजींचा हात माझ्या हातातून इष्टलिंगाकडं ओढ घ्यायला लागला, आणि लातूरकरानं ते बघितलं. त्यानं बोली चढवली. दाजींनी चढवली. त्यानं पुन्हा चढवली. शेवटी दाजींच्या आवाक्याबाहेर गेली.

त्यांनी माझा हात सोडला, दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मालक, ही मी विकायला घेऊन न्हाई राहिलो. माझ्या हातानं गेलती ती, आन् एक घर बसलं. आता पुन्हा कुनाच्या घरात जाऊ द्यायची न्हाई मला." लातूरकर पान चघळायचा थांबला. हर्राशीच्या साहेबांनी दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायच्या आत त्यानं आपली बोली मागं घेतली.

दुनळी नांदेडच्या दुकानात भिंतीला लागली. दर महिन्याला किसनराव चाकूरहून यायचे, तिला खाली काढून तेल लावायचे, पुसायचे, परत टांगायचे. दोघं चहा प्यायचे.

दाजी शेवटचे आजारी पडले तेव्हा एका दुपारी त्यांनी अक्काला जवळ बोलावलं. "मी गेल्यावर दुकान ठेवायचं का देऊन टाकायचं? तुझं काय म्हननं हाय?" अक्का मला हे सांगताना हसतही होती आणि डोळेही पुसत होती. म्हणाली, "विचारलं बघ रे शेवटी." तिनं त्यांना सांगितलं होतं, देऊन टाकू, पण कुणाला ते मी बघीन.

दाजी गेल्यावर सगळा माल घ्यायला तोच लातूरकर आला. भिंतीवरची दुनळी त्यानं ओळखली. अक्का म्हणाली, "घरच्या बाईला घेऊन या." तो हसला, मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. अक्कानं तिला दाजींच्या गादीवर बसवलं, चहा दिला, दुनळीची सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, चालंल का? त्या बाईनं कप खाली ठेवला. "इतकी वर्सं ह्यांचं बंदुकीचं दुकान हाय," ती म्हणाली, "मला आजवर कुनी इचारलंच न्हाई." मग पदर सावरून म्हणाली, "चालंल. पर ती दुनळी मी इकू देनार न्हाई ह्यांना."

परवा लातूरला त्या दुकानावरून जात होतो. किसनराव आता फार वाकलेत, पण बाकावर बसून तीच दुनळी पुसत होते. लातूर चाकूरला जवळ पडतं, तेवढंच बरं झालं. गल्ल्यापाशी एक तरुण गिऱ्हाईक हातात परवाना घेऊन घाई करत होतं. लातूरकरानं एकदा पडद्याआड बसलेल्या बायकोकडं बघितलं, तोंडातलं पान गालात सारलं आणि जरा ओशाळूनच म्हणाला, "घरच्या बाईला घेऊन या."

मी दारातच थांबलो. दाजींची लई आठवण आली.