बॉयलरसमोरची सकाळ

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना माझा देवावर विश्वास उरला नव्हता. आम्ही समुद्राकाठच्या मुरबे गावचे मच्छीमार. वडील होडीसकट समुद्रात बुडाले, त्यानंतरही आई दर चैत्रात आमच्या भागातल्या महालक्ष्मीच्या यात्रेला नारळ पाठवायची. मला त्याचा राग यायचा. कुंभवलीजवळच्या रंगाच्या कारखान्यात मी बॉयलरवर रात्रपाळी करायचो आणि दिवसा पालघरला कॉलेज. फी त्या पगारातूनच जायची.

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी माझा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आलाच नाही. बॉयलर सोडून जायची सोय नव्हती. सुपरवायझरांना विनवलं, त्यांनाही वाईट वाटत होतं, पण दुसरा माणूस नव्हता. परीक्षा चुकली की वर्ष गेलं, आणि आणखी एक वर्ष असं रेटण्याची माझ्यात ताकद नव्हती. मी बॉयलरच्या काचनळीतल्या पाण्याच्या पातळीकडे बघत उभा राहिलो. रडू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मनात म्हणालो, आता तुला हवं ते होऊ दे. ते नक्की कुणाला म्हणालो, हे तेव्हा मला कळलं नाही.

थोड्या वेळाने दारात रावजीदादा दिसला. जव्हारकडचा हा माणूस पूर्वी याच बॉयलरवर होता. मला काम त्यानेच शिकवलं, मग शेतीसाठी तो गावी परतला होता. महालक्ष्मीच्या यात्रेहून तो घरी निघाला होता. जव्हारची वाट सोडून उलट्या दिशेला, कारखान्याच्या बाजूला बोईसरकडे येणाऱ्या टेम्पोत का चढला, ते त्याला नीट सांगता येईना. माझी अडचण ऐकून त्याने प्रसादाची पुडी माझ्या हातात दिली आणि अंगातला सदरा काढून खुंटीला लावला.

"तू जा. मी हाय."

सुपरवायझर रावजीदादाचं काम जाणून होते. ते म्हणाले, "जा, उशीर करू नकोस."

परीक्षा सुरू झाली होती, तरी सरांनी आत घेतलं. संध्याकाळी परतलो तेव्हा दुसऱ्या पाळीच्या हाती बॉयलर सोपवून रावजीदादा निघून गेला होता. प्रसाद मी आईला दिला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "त्याला जेवाया तरी आणायचा होतास."

मी पास झालो आणि पुढे एका प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. पावसाळा सरल्यावर रावजीदादाच्या घरी जाऊन जेवून आलो. त्या सकाळी त्याचं येणं योगायोग असेल, मी वाद घालत नाही. आई गेल्यापासून यात्रेला मी जातो. देवीपुढे उभा राहतो, काही मागत नाही. हात जोडले की मन शांत होतं, आणि मला तेवढं पुरतं.