तिसरा टेम्पर

धाकू परबांच्या शेजारी अनंतने अकरा वर्षं काम केलं, पण त्यांना मुलं किती, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. गाव मालवणकडचं, खोली कांदिवलीत, बोलणं मोजकं. बाकी सगळा अंदाजच.

गोरेगावच्या त्या गाळ्यात हायस्पीड पोलादाची हत्यारं कडक करून देत. धाकू भट्टीवर, अनंत कडकपणा मोजायला. त्या शनिवारी एक ब्रोच आला होता, म्हणजे भोकाला आतून खाचा पाडणारी हातभर लांबीची दातेरी सळई. गिऱ्हाइकाने ती दोन महिने खपून बनवली होती. धाकूंनी ती वितळलेल्या मिठाच्या भट्टीत बाराशेवीस अंशांवर तापवली, विझवली, मग साडेपाचशेला दोनदा टेम्पर केली, म्हणजे पुन्हा तापवून गार होऊ दिली. साधं पोलाद पुन्हा तापवलं की नरम पडतं. हे आणखी कडक होतं.

दुसऱ्या टेम्परनंतर अनंतच्या यंत्राने पासष्ट दाखवले; गिऱ्हाइकाला चौसष्टच्या वर हवे होते.

"झकास!" मालकाचा मुलगा निलेश म्हणाला. "टेम्पो उभा आहे. अनंतकाका, सही करा."

"तिसरो टेम्पर रवलो," धाकू म्हणाले.

"आकडा आलाय ना पण?"

"आकड्याक काय चाटूचा? आतून ठिसूळ आसा. दणको बसलो की तडकतलो."

"मग टाका ना लगेच भट्टीत!"

"अजून कोमट आसा."

पुरता गार होऊ न देता परत टाकला, तर आतला कच्चा भाग कच्चाच राहतो. धाकूंनी ब्रोचवर तळहात ठेवला आणि तो उचललाच नाही. झटक्याने गार झाला तर तडकेल, म्हणून पंखाही लावू देईनात.

निलेश वळला. "काका, तुम्ही सांगा. पास की नापास?"

अनंतचं पेन तपासणीच्या कागदावर टेकलं होतं. खोटं काही लिहायचं नव्हतं; पासष्ट होतेच. पण दोन वर्षांपूर्वी असाच घाईने सोडलेला ब्रोच टेबलावर पडल्या पडल्या टिक् करून तडकला होता. त्या कागदावर सही अनंतची होती.

त्याने पेन खिशाला लावलं. "तिसरा होऊ दे," तो पुटपुटला.

"वाट लावा माझी दोघं मिळून!" निलेश टेम्पोवाल्याला परत पाठवायला बाहेर गेला.

ब्रोच गार झाला, तिसऱ्यांदा तापला, पुन्हा बाहेर आला. शेवटचं गार होणं संपेना. बाजूच्या गाळ्यात पाना पडला तरी अनंत दचके. धाकू भिंतीकडे तोंड करून बसले होते.

संध्याकाळी अनंतने भिंगाखाली एकेक दात तपासला. कुठेही चीर नव्हती.

धाकू त्यानंतर गाळ्यात आले नाहीत. रविवारी सकाळी झोपेतच गेले. शनिवारी निघताना शर्टाची बटणं लावत त्यांनी विचारलं होतं,

"कितीवर इलो?"

"साडेचौसष्ट, दादा."

"बरा. तेल लावन ठेव. सगळ्यांचे हात लागलेत, गंज चढतलो."

"लावतो."