बाईंबरोबर पाहिलेला चांदा

नोकरीतली अकरा वर्षं मी गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून काढली. मूल नावाच्या बाजाराच्या गावात वाढलेली मी, पहिला महिनाभर तिथे रोज रडायचे. मला सावरलं ते गावच्या दाईनं. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही म्हणू लागले. मी पुस्तकातून शिकलेली, बाई हातांनी शिकलेल्या. सुरुवातीला आमचं जमलं नाही. मी हातमोजे घाला म्हणायचे, त्या माझ्याकडे बघून हसायच्या. मग एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि एका अडलेल्या बाळंतिणीपाशी आम्ही दोघी दिवसभर बसून राहिलो. मूल वाचलं, आई वाचली. त्यानंतर बाई हातमोजे घालू लागल्या आणि मी त्यांचं ऐकू लागले.

पुढे माझी बदली चंद्रपूरला, जुन्या लोकांच्या चांद्याला, झाली. यजमानांचं घर तिथेच होतं, म्हणून निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. बाईंचा फोन वर्षातून दोन-तीनदा यायचाच. मागच्या जानेवारीत, धान घरात आल्यावर, असाच आला.

"सिस्टर, मी येऊन राह्यली."

"काऊन बाई? तब्येत बरी नाई काय?"

"तब्येतीले काय होते? मले चांदा पाहाचा हाय."

गावात कसलासा कार्यक्रम झाला होता. तिथे कोणी तरी भाषणात सांगितलं की आपले गोंड राजे चांद्याहून राज्य करत. "इतकी म्हातारी झाली, मले कोनी सांगतलं नाई," बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार होती, पण खुशीची.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाघ पाहायचा असतो. ताडोब्याच्या सफारीचं बुकिंग कसं करायचं ते मला पाठ आहे. सवयीनं मी बाईंनाही विचारलं, वाघ पाहायचा का?

"वाघ आमच्या इथी कमी हाय काय?" त्या म्हणाल्या. "मले राजाचं घर दाखव."

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, की राजाचं घर म्हणजे ही जुनी गेटं, हा कोट, आणि तो मीही कधी धड पाहिला नव्हता. एकोणीस वर्षं जटपुरा गेटमधून भाजीला जात होते. त्या गेटविषयी मला एवढंच ठाऊक होतं, की सकाळी दहानंतर तिथे ऑटो अडकतो.

बाई गडचिरोलीच्या बसनं एकट्या आल्या. खांद्यावर पिशवी, पिशवीत नवे तांदूळ आणि आवळे. वय कोणी सत्तर म्हणतं, कोणी पंच्याहत्तर. त्यांना विचारलं तर म्हणतात, "लिहून नाई ठेवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना यजमानांनी त्यांना शहराची गोष्ट सांगितली. यजमान जुन्या चांद्यातले, या गोष्टींवर वाढलेले. राजाच्या अंगभर फोड होते. कोणत्याही औषधानं बरे होत नव्हते, राणी एकटीच सेवा करायची. एकदा शिकारीला गेला असताना तहान लागली. झरपट नदी कोरडी होती, एका खड्ड्यात थोडं पाणी होतं. ते प्यायला, हातपाय धुतले आणि त्या रात्री बऱ्याच वर्षांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी पाहतात तर फोड नाहीसे. राणीनं ते पाणी शोधून काढलं. मग तिथेच राजाला एक ससा कुत्र्याच्या मागे धावताना दिसला. राणी म्हणाली, ही जागा साधी नाही. ससा जिथून धावला त्या वाटेनं कोट बांधा, आत शहर वसवा.

बाईंनी बशीतला चहा संपवला. "म्हंजे शहर रानीनं वसवलं."

"डोकं तिचंच," यजमान म्हणाले.

"आन नाव राजाचं."

यजमानांनी पेपर उघडला.

आम्ही दोघी चालतच निघालो. जटपुरा गेटपाशी पोचेपर्यंत गर्दी सुरू झाली होती. बाई रस्त्याच्या कडेला थांबल्या, मान वर करून कमान पाहू लागल्या. कमानीच्या बाजूला दगडात सिंह कोरलेला आहे, आणि त्याच्या पंजांखाली हत्ती. राजांचं चिन्ह. बाईंना ते जवळून पाहायचं होतं. त्या सरळ रस्त्यात उतरल्या. एका स्कूटीनं ब्रेक मारला, दोन ऑटो थांबले, वाहतूक पोलिसानं शिट्टी फुंकली.

"आजी, मरायचं हाय काय? काय पाहून राह्यल्या?"

"हत्ती," बाई म्हणाल्या. "इतका लहान काऊन केला?"

पोलिसानं वर पाहिलं. मला वाटतं, त्यानंही पहिल्यांदाच पाहिलं.

"हत्ती असा नसते," बाईंनी त्याला समजावलं. "मागच्या साली आमच्या बांदीत आले होते. सारा धान तुडवला. सिंव्ह त्याच्या पायाखाली आला असता तर चपाती झाली असती."

पोलीस हसू दाबत होता. त्यानं हात आडवा करून गाड्या थांबवल्या आणि आम्हाला पलीकडे नेलं. बाईंनी कमानीच्या दगडावर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग हात कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "चाल."

तिथून ऑटोनं आम्ही रामाळा तलावाच्या बाजूला, बगड खिडकीपाशी गेलो. खिडकी म्हणजे शहराच्या तटाचा, परकोटाचा, लहान दरवाजा. चार मोठी गेटं आणि अशा पाच खिडक्या, हेही मला त्याच सकाळी यजमानांनी सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी शहरातल्या हौशी लोकांनी परकोटावरची झाडंझुडपं काढली, तेव्हापासून वरून चालता येतं. बाई पायऱ्या चढून गेल्या आणि मी खाली गुडघे धरून उभी.

"सिस्टर, शहरात राहून पाय गेले तुह्ये."

वर कोवळं ऊन होतं. एकीकडे तलाव, दुसरीकडे घरांची छपरं, वाळत घातलेल्या साड्या, पापड, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि लांबवर वीज केंद्राच्या चिमण्या. बाई चिऱ्यांना हात लावत चालत होत्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, एवढा दगड कुठून आणला असेल, किती वर्षं लागली असतील. संध्याकाळी यजमानांना विचारू, मी म्हटलं.

अर्ध्या वाटेवर बाळाच्या रडण्याचा आवाज आला. परकोटाला लागून असलेल्या एका घराच्या अंगणात एक बाई दोन महिन्यांच्या नातीला तेल लावत बसली होती. बाळ लालबुंद होऊन रडत होतं, आई दारात कासावीस उभी. आमच्या बाईंचा पाय तिथेच अडला.

"पोट घट्ट हाय तिचं," त्या वरून ओरडल्या. "गॅस हाय."

खालच्या बाईनं वर पाहिलं. "तुमाले तिथून दिसते काय?"

"रडनं आयकू येते ना."

मी म्हटलं, या दाई आहेत, गडचिरोलीकडच्या. "मंग खाली या ना, चहा घ्या," असं आमंत्रण आलं. जवळच उतरायला जागा होती. बाईंनी हात धुतले, अंगणात पाय पसरले, बाळाला पायांवर घेतलं. तेल तळहातावर चोळून गरम केलं. पोटावरून गोल गोल हात फिरवला, मग बाळाचे गुडघे हळूच पोटाशी दाबले, सोडले, पुन्हा दाबले. दोन-तीन वेळा असं केल्यावर बाळानं असा काही आवाज काढला की दारातली आई एकदम हसायला लागली. रडणं थांबलं.

मग काय, चहा झाला, पोहे झाले. बाईंनी आईलाही ते दाबणं शिकवलं, आणि मी, इतक्या वर्षांची सवय, लसीचं कार्ड मागून पाहिलं. राजधानी पाहायला निघालेल्या आम्ही दोघी तासभर एका अंगणात बसून राहिलो. उठताना त्या घरच्या आजीनं बाईंना हळदीकुंकू लावायला हात पुढे केला, मग त्यांचं मोकळं कपाळ पाहून थबकली. बाईंनी स्वतःच कपाळ पुढे केलं. "लाव वं. मी नाई मानत."

दुपारी अंचलेश्वर गेटजवळच्या राजांच्या समाध्या पाहायला गेलो. आत हिरवळ, शांतता, दोन-चार माणसं. मधली समाधी सर्वांत मोठी, घुमटाची. राणीनं नवरा गेल्यावर त्याच्यासाठी ती बांधून घेतली. "ही मघाची रानी नोहे," मी सांगितलं. "ही लय नंतरची." बाईंनी चपला बाहेर काढून सगळीकडून एक फेरी मारली, नक्षीवरून बोटं फिरवली आणि झाडाच्या सावलीत येऊन बसल्या.

"सिस्टर, रान्यांचं बाळंतपन कोनं केलं असन?"

मी आतापर्यंत किती किल्ले पाहिले, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"दाईच असन," मी म्हटलं. "तवा दवाखाना कुठी होता?"

"आमच्यातलीच असन."

"असन."

"भेली असन का वं ती? राजाचं लेकरू. अडलं असतं तर?" त्यांनी पदरानं तळहात पुसले. "त्या पुराच्या दिवशी मी भेली होती. तुले नाई सांगतलं."

"मले वाटलं मीच भेली होती," मी म्हटलं.

आम्ही दोघी हसलो. त्या दिवशी त्यांचा चेहरा इतका शांत होता की त्या चेहऱ्याकडे बघत बघतच मी काम केलं होतं.

थोड्या वेळानं मी त्यांना सांगितलं, या राणीला मुलगा नव्हता म्हणतात, तिनं दत्तक घेतला आणि राज्य त्याला दिलं. सांगितल्यावर जीभ चावली. बाईंना मूल झालं नाही. गावातली अर्धी माणसं त्यांच्या हातांवर जन्माला आली, पण घरात वाढवला तो भावाचा मुलगा. बाईंनी घुमटाकडे पाहिलं.

"बरं केलं तिनं," त्या म्हणाल्या. आणि उठल्या.

त्या आणखी तीन दिवस राहिल्या. आम्ही बाकीची गेटं पाहिली, महाकालीच्या देवळात जाऊन आलो, रोज संध्याकाळी भजी खाल्ली. यजमान त्यांना जुन्या गोष्टी सांगत, आणि बाई प्रत्येक गोष्टीत एखादी चूक काढत. घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं.

फेब्रुवारीत पुन्हा फोन आला आणि बाई परत आल्या, या वेळी गावातल्या सहा बायांना घेऊन. आता मला काही करायचं नव्हतं. बाई पुढे, सहाजणी त्यांच्या मागे आणि मी पाण्याची बाटली घेऊन सर्वांत शेवटी. गेटासमोर उभ्या राहून त्या गोंडीत सांगत होत्या, हात उंचावून, मध्येच हसून. मला शब्द फारसे कळत नव्हते. दोन कॉलेजच्या मुली थांबून ऐकू लागल्या, त्यांनाही बहुतेक कळत नव्हते, तरी त्या हलल्या नाहीत.

दुपारी जेवल्यावर त्या सहांपैकी सर्वांत तरुण बाईनं भीत भीत विचारलं, कोळसा जिथून काढतात तो खड्डा पाहायला मिळेल का? तिचा दीर म्हणाला होता की तो खड्डा डोंगर उलटा ठेवल्यासारखा आहे. मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, आत कोणी सोडणार नाही, पण लालपेठकडच्या रस्त्यावरून दिसतो.

तोही मी कधी पाहिला नव्हता. आम्ही दोन ऑटो केले आणि निघालो.